बुडक्याचं रिकामं पोट

ताईच्या नाकावर राग असतो, असं केंद्रातले सगळे म्हणत. साफ खोटं. नाकावर असता तर एखाद्या शिंकेबरोबर गेला तरी असता. तिचा राग होता हातात. अकरा वर्षं ती माशांची पोटं फाडत होती, आणि ज्या दिवशी साहेबांशी तिची वाजायची त्या दिवशी कात्री अशी चालायची की बाटल्या धुणारा म्हातारा आपलं स्टूल उचलून दाराबाहेर जाऊन बसायचा.

केंद्र म्हणजे माशांच्या अभ्यासाचं केंद्र, तलावाच्या काठावरची चार खोल्यांची बैठी इमारत. तलाव एवढा मोठा की पलीकडचा काठ दिसत नाही. ताईची खोली शेवटची. मधोमध पत्र्याचं लांब टेबल, कोपऱ्यात वजनकाटा, एक जुना फ्रीज आणि कितीही आवळला तरी ठिबकणारा नळ. रोज सकाळी केंद्राची नाव तलावातून मासे आणायची. ताईने ते तोलायचे, पोट उघडायचं, आत काय सापडलं ते भिंगाखाली बघून कागदावर लिहायचं. कोण काय खातं आणि कुठे खातं, एवढं शोधायचं.

अकरा वर्षं दुसऱ्याच्या पोटात डोकावल्यावर त्याचं घर कळतंच. तलावात मासे पुष्कळ, पण केंद्राचं लक्ष तिघांवर. चकमकी, बोटाएवढी, चंदेरी, वरच्या पाण्यात फिरणारी, धुळीएवढे किडे टिपणारी. शेवाळ्या, जाड ओठांचा, काठाच्या दगडांवरचं हिरवं खरवडून खाणारा. आणि बुडका. वीस वाव खोल, जिथे उजेड पोचत नाही तिथे चिखलात तोंड खुपसून लाल अळ्या शोधणारा. एका तलावात तिघं, तिघांची चूल वेगळी, आणि तंटा नाही. वर्षातून एकदा त्या अळ्या चिलटं व्हायला पाण्यावर येतात, तेव्हा मात्र तिघंही त्यांच्यावर तुटून पडतात. सुबत्ता असली की एका ताटात, टंचाई आली की जो तो आपल्या कोपऱ्यात. माणसाचं नेमकं उलटं, असं ताई म्हणायची, आणि म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे कोण असायचं ते सगळ्या केंद्राला ठाऊक होतं.

तिच्या डोळ्यांपुढे असायचा तिचा धाकटा भाऊ. केंद्राची नाव तोच चालवायचा. तिला 'ताई' आधी त्याने म्हटलं, मग त्याचं ऐकून सगळ्या केंद्राने. आता तो सोडून सगळं केंद्र म्हणत होतं. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकाल तर हसाल. आई गेली, तिचं घर दोघांत आलं, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. तलावाकडची खिडकी गेली भावाच्या बाजूला. ताईच्या वाट्याला आला दिवसासुद्धा जळणारा पिवळा बल्ब. "थोरली मी, आणि अंधार मलाच?" एवढंच ती म्हणाली होती. तो म्हणाला, "तू आहेस कुठे दिवसा घरी?" तिथे जे तोंड बंद झालं ते झालं. पलीकडे भावजयीने फोडणी टाकली की अलीकडे ताईला शिंका यायच्या, पण कुणी कुणाला "काय केलंस आज?" म्हणून विचारत नव्हतं. ताईचा नवरा घरजावई. त्यामुळे भांडणात त्याचं मत कुणी धरत नव्हतं आणि तो बिचारा देतही नव्हता.

केंद्रात मात्र दोघांचा एकाच कागदाशी संबंध यायचा. रोजच्या पत्रकावर वरचा भाग भावाचा, नुसते आकडे: तारीख, जागेचा नंबर, पाण्याची खोली, किती मासे. खालचा भाग ताईचा: वजन, लांबी, पोट भरलेले की रिकामे, आत काय. आणि उजव्या कडेला दोन बोटं रुंद पट्टी होती, 'नाववाल्याचा शेरा'. त्या पट्टीत भावाचं तिरकं, पाय फाकलेलं अक्षर असायचं. सहा वर्षांपूर्वी, भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी, पत्रक हातात आल्याबरोबर ताईने ती पट्टी मागे दुमडली, नखाने घडी पक्की केली आणि वर क्लिप लावली. त्याचं अक्षरसुद्धा बघायचं नाही. मग हाताला सवयच लागली. मासे टेबलावर, कड मागे, कात्री हातात.

त्या शुक्रवारी दुपारी साहेब स्वतः तिच्या खोलीत आले. साहेब म्हणजे इस्त्रीचा सदरा आणि पाण्याची भीती. तलावाचे अधिकारी असून नावेत पाय ठेवलेला कुणी पाहिला नव्हता.

"ताई, इथे सही करा. उद्या अकराला वरून दोघं येतायत."

ताईने हात पुसले आणि कागद वाचला. चकमकी हा मासा बुडक्याचे अन्न फस्त करीत असून गेली सहा वर्षे बुडक्याची उपासमार होत आहे, सबब सोमवारपासून तीन वर्षे मोठ्या ओढजाळ्यांनी चकमकी तलावातून पूर्णपणे काढून टाकावी. खाली ओळ होती: 'नमुने तपासणाऱ्याची सही'.

"पूर्णपणे?"

"बुडक्याची पोटं रिकामी आहेत. शंभरात नव्वद. तुम्हीच लिहिलंय. आणि चकमकीच्या पोटात लाल अळ्या सापडल्या. तेही तुम्हीच लिहिलंय. चोर कोण ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"त्या अळ्या वर येतात तेव्हा खाते ती, वर्षातले पंधरा दिवस. एरवी ती खाली जातच नाही. साहेब, उलट आहे सगळं. वर चकमकीचं जे सांडतं, घाण म्हणा, मेलेली पिल्लं म्हणा, ते खाली बसतं. त्यावर अळ्या पोसतात आणि अळ्यांवर बुडका. चकमकी काढलीत तर बुडका खरोखर उपाशी मरेल."

"मग आत्ता त्याची पोटं रिकामी का?"

इथेच ताई अडली. पण त्या सकाळी तिने एक गोष्ट पाहिली होती. नावेतून आलेल्या कितीतरी बुडक्यांच्या तोंडात गुलाबी गोळा असायचा, त्यांचंच पोट उलटं होऊन तोंडात आलेलं. खिशाचं अस्तर आत ढकलावं तसं ती ते बोटाने आत ढकलायची आणि मग तोलायची. बर्फाच्या पेटीत आपटून होत असेल, असं तिने कधीतरी ठरवून टाकलं होतं. आज ढकलताना कल्ल्यांपाशी काहीतरी लाल दिसलं. चिमट्याने काढून बशीत ठेवलं, तर चार अळ्या. ताज्या. एक तर अजून वळवळत होती.

तिने ती बशी साहेबांपुढे सरकवली. "हा मासा जेवून आलाय. तोंड पुसायला वेळ मिळाला नाही, एवढंच."

साहेबांनी बशीकडे बघितलंही नाही. "पत्रकात दोन रकाने आहेत, ताई. भरलेले आणि रिकामे. घशाचा रकाना नाही. तुमचं काम पोट उघडायचं. अर्थ लावायला आम्ही बसलोय. उद्या साडेदहापर्यंत सही हवी."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं हात माशांत, अंगाला असा वास की बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, आणि अर्थ लावणार हा, ज्याला बुडका आणि बूट यातला फरक कळत नाही. तिने बशी उचलून फ्रीजमध्ये ठेवली. बोलली असती तर कात्री हातात होती.

साहेब गेल्यावर म्हातारा स्टूल घेऊन आत आला. "चोर सोडून संन्याशाला फाशी," तो म्हणाला. "पण ताई, चोर कोण मग? खाल्लेलं जातं कुठे?"

खाल्लेलं जातं कुठे. हे सांगू शकेल असा माणूस एकच होता, मासा पाण्यातून वर येताना बघणारा. आणि तो फळ्यांच्या पलीकडे राहत होता.

संध्याकाळी ताई मागच्या दाराने बाहेर पडली आणि भावाच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मोजून अकरा पावलं. सहा वर्षांत टाकली नव्हती. भावजय चुलीपाशी होती, ती बघतच राहिली. मग म्हणाली, "या ना ताई, बसा." भाऊ जमिनीवर बसून रबरी बुटाला ठिगळ लावत होता. त्याच्या पाठीमागे ती खिडकी, आणि खिडकीत अख्खा तलाव. ताईने नजर वळवली. ती काय खिडकी बघायला आली नव्हती.

"बुडके ओकतात का रे?"

त्याने बूट खाली ठेवला. "ओकतात."

"कधीपासून?"

"जाळं ओढायला मोटरचा रहाट आला तेव्हापासून. हाताने ओढायचो तेव्हा अर्धा तास लागायचा. मासा वर येता येता अंगातली हवा हळूहळू सोडत यायचा. मोटर दोन मिनिटांत वर आणते. आतली हवा फुगते, पोट तोंडात येतं, आणि खाल्लेलं सगळं पाण्यावर. कुरव पक्षी टपलेलेच असतात. मी जाळं नावेत घेईपर्यंत साफ करून जातात."

रहाट आला होता सहा वर्षांपूर्वी. भांडण झालं त्याच आठवड्यात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी सहा वर्षं ती 'रिकामे, रिकामे' लिहीत बसली होती आणि पक्षी जेवत होते. तिचा आवाज चढला.

"आणि तू गप्प बसलास? माझ्यावरचा राग त्या मुक्या जिवांवर काढलास? सोमवारी चकमकी संपवायला निघालेत ते, माहितेय तुला?"

"गप्प कुठे बसलो?" तोही चढला. "लिहिलंय की. कडेला. पहिल्याच दिवशी लिहिलं, मग लिहीतच गेलो. तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही. म्हटलं, एवढी शिकलेली बाई, तिला पटत नसेल. नाववाल्याला काय अक्कल असते?"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. ती उंबऱ्यातच बसली.

"मी वाचलं नाही."

"म्हणजे?"

"कड दुमडून टाकायचे. तुझं अक्षर दिसायला नको म्हणून."

"सगळ्या?"

"सगळ्या."

भावजयीने चूल विझवली. भाऊ बूट उचलून पुन्हा ठिगळ घासायला लागला, इतक्या जोरात की ठिगळच निघून आलं. "धन्य आहे," तो म्हणाला. "जा आता. मला पहाटे निघायचंय."

दुसऱ्या दिवशी ताई सातलाच केंद्रावर पोचली. कपाटावरून सहा फायली खाली ओढल्या, धुळीने डोळे भरले, पहिल्या पत्रकाची क्लिप काढली आणि घडी उलगडली. कागद घडीवर तुटायला आला होता. आत ते तिरकं अक्षर. 'मोटरचा पहिला दिवस. बुडके पोट तोंडातून काढतायत, खाल्लेलं ओकतात. पोट रिकामं दिसेल, सांभाळून.' दुसरं पत्रक: 'परत तेच. पाण्यावर लाल अळ्यांचा थर.' चौथं: 'कुरव चाळीस-पन्नास. साहेबांना सांगितलं, शेऱ्यात लिही म्हणाले.' ताईला रडू आलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. साहेबांना नावं ठेवत होती, आणि साहेबांनी जे केलं तेच तिने केलं होतं: समोर आलेलं वाचायचं नाही. खिडकीसाठी. लाकडाची चौकट आणि दोन काचा, त्यासाठी. पहिल्या वर्षाच्या निम्म्या घड्या उलगडेपर्यंत साडेदहा वाजले. उरलेल्या तशाच राहिल्या. सहीचा कोरा कागद तिने फायलींवर ठेवला, सगळं उचललं आणि साहेबांच्या खोलीत गेली.

वरून वेळेआधीच आलेले दोघं म्हणजे एक घड्याळाकडे बघणारे जाडे गृहस्थ आणि एक पांढऱ्या केसांची बाई. त्यांच्यापुढे चहा होता. साहेब भिंतीवरचा तक्ता दाखवत होते: बुडक्याचं पोट, वर्षागणिक रिकामं.

"सही झाली?" साहेबांनी विचारलं.

"नाही. होणार नाही."

तेवढ्यात दारात भाऊ उभा राहिला. रबरी बूट, दोन हातांत दोन बादल्या, फरशीवर पाण्याचे ओघळ. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ताईनेसुद्धा नाही.

"ह्यात हाताने ओढलेले, दहा," तो पाहुण्यांना म्हणाला. "ह्यात मोटरने ओढलेले, दहा. एकच जागा, एकच सकाळ. फाडून बघा."

साहेब "अहो, हे काय" म्हणेपर्यंत ताईने वर्तमानपत्र पसरलं आणि कात्री चालवली. पहिल्या बादलीतला पहिला बुडका उघडला आणि लाल अळ्यांचा लगदा कागदावर पसरला. दुसरा तसाच. दहापैकी नऊ तुडुंब. दुसऱ्या बादलीतले आठ रिकामे, आणि आठांच्या तोंडात तो गुलाबी गोळा. जाड्या गृहस्थांनी चहाचा कप लांब सरकवला. बाई मात्र खुर्ची ओढून पुढे आली.

"एका सकाळचे वीस मासे," साहेब म्हणाले. "याला पुरावा म्हणत नाहीत. आमच्याकडे सहा वर्षांचे कागद आहेत."

"हे घ्या ना सहा वर्षांचे." ताईने फायली टेबलावर आपटल्या. "कडेचे शेरे वाचा. माझ्या भावाने पहिल्या दिवशी लिहिलंय, मासे ओकतात म्हणून."

साहेबांनी एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "हे शेरे माझ्यापर्यंत आलेच नाहीत."

"कारण मी दुमडत होते."

"ऐकलंत?" साहेब पाहुण्यांकडे वळले. "म्हणजे चूक यांची. लेखी नोंद होईल याची."

"करा. माझीच चूक आहे. घरातलं भांडण मी टेबलावर आणलं, त्याची शिक्षा द्या, मी घेईन. पण प्रत्येक पानाखाली सही तुमची आहे. हजारांवर पानं. सगळ्यांची कड दुमडलेली. एकदाही उलटून बघावंसं नाही वाटलं? याने तोंडाने सांगितलं तेव्हा शेऱ्यात लिही म्हणालात. लिहिलं. मग वाचायचं कुणी, कुरवांनी?"

जाड्या गृहस्थांनी खिशातून फोन काढला, बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलले आणि आत येऊन म्हणाले, "सोमवारचं थांबवलंय. ओढजाळी येणार नाहीत. पुढचं हे सगळं तपासल्यावर. आणि तोवर या बाईंना टेबलावर ठेवता येणार नाही, एवढं मात्र खरं." ताईने मान हलवली. हे ती रात्रीच धरून चालली होती.

पांढऱ्या केसांच्या बाईचं बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिने मधलीच एक फाईल ओढून घेतली होती, जिच्यातली एकही घडी अजून उलगडली नव्हती. एकेक कड ती नखाने सोडवत होती आणि हळू आवाजात वाचत होती.

"'आज जोराचा वारा. बुडके ओकले.' 'ओकले.' 'आज थोडे हाताने ओढले, त्यांची पोटं भरलेली निघतील, बघ.'" तिने पुढची कड सोडवली, वाचायला सुरुवात केली आणि थांबली. मग पान डोळ्यांजवळ नेलं.

"'ताई, तुला चष्मा लागला असं ऐकलं. खिडकी तू घे. मला अंधार चालतो. फळ्या मी काढून देतो, तू फक्त हो म्हण.'" तिने पान उलटून मागे बघितलं. "हे कुठल्या माशाबद्दल आहे?"

भाऊ दारात उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

"तारीख काय आहे त्याच्यावर?" ताईने विचारलं.

बाईने वाचून सांगितली. तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते. त्या दिवशीही हे पत्रक ताईच्या हातात आलं असणार, तिने कड मागे दुमडली असणार आणि नखाने घडी पक्की केली असणार. तिने कात्री खाली ठेवली. आयुष्यात इतका राग तिला कुणाचाच आला नव्हता, साहेबांचासुद्धा नाही, जितका त्या एका नखाचा आला. ती भावाकडे वळली.

"हो," ती म्हणाली.

त्याने बादल्या उचलल्या. दाराबाहेर पडला, दोन पावलं गेला आणि तिथूनच म्हणाला, "ते मासे लवकर फ्रीजमध्ये टाक, ताई. वास सुटेल."